स्ट्रोक

चाळीस वर्षं मी शब्दांच्या चिठ्ठ्या रचल्या, विल्फ,
बुटांच्या खोक्यांत.
तू बॅरोच्या गोदीत रिव्हेट ठोकायचास,
त्यापायी कान गेले.

मी सांगायचे,
अटॅक आणि अटॅच सख्खे भाऊ,
एकाच जुन्या खुंटीला बांधलेले.
"मग? ठोकल्याशिवाय जोडतं का काही?"
म्हणायचास,
आणि चहात तिसरी साखर.

इम्पॅक्ट म्हणजे आत रेटून घट्ट बसवलेलं,
तुझ्या अडकलेल्या अक्कलदाढेसारखं.
आणि स्माइट! बायबलात ज्यानं गावंच्या गावं पडतात,
तो मुळात नुसता माखायचा,
पावावर लोणी माखावं तसा.

मंगळवारी डॉक्टर प्रेंडरगास्टनं कागदावर लिहिलं:
स्ट्रोक.
सवयीनं माझं बोट मागे मागे गेलं.
तडाखा.
त्याच्याही मागे, पार तळाशी,
हलकेच फिरवलेला हात.

भाषेनं हे कसं केलं, कुणास ठाऊक.
चिठ्ठीवर तारीख घालायची राहिली.

तुझा उजवा हात उशीवर,
बसमध्ये कुणी विसरलेल्या हातमोज्यासारखा.
मी केसांवरून हात फिरवते,
तू नुसत्या डोळ्यांनी विचारतोस,
आता कुठला शब्द?

चहा ओघळतो हनुवटीवरून. पुसते.
तिसरी साखर आज मीच घातली.