पावणेचार किलोमीटर

निफाडला पारा चारवर उतरतो त्या पहाटे
बागाईतदार द्राक्षांच्या ओळींतून शेकोट्या पेटवतात
आणि आम्ही इंजिन.
दोन्ही धूर कादवेवर जाऊन बसतात,
कुणाचा कुठला ते सात वाजेपर्यंत कळत नाही.

पेटवणीला छाटणीच्या काड्या.
ऑक्टोबरात ट्रॉली भरून आणून टाकतो उत्तम कुशारे,
भाडं घेत नाही; फक्त पहिल्या फेरीला
शिट्टीची दोरी त्याचा नातू ओढणार, असा करार.
कोळसा मात्र विकतचा.
त्याच्यासाठी मी भिशी लावलीय.

उसाच्या वाघिणी ओढायचं हे इंजिन,
बंद कारखान्यापासून कादवेच्या पुलापर्यंत.
आता माणसं ओढतं, रविवारी,
दिवाळीनंतर ते होळीपर्यंत.
पुढे बांधावरचं गवत वाळतं, एक ठिणगी उडाली
तर कुणाची तरी बाग जायची.
म्हणून सगळं गाव होळी पेटवतं
त्याच संध्याकाळी आम्ही भट्टीतली आग ओढून काढतो.

तिकिटं मी देते. चौतीस वर्षं सहकारी बँकेत
दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, बोटांना सवय आहे.
जाड पुठ्ठा, तारखेचा ठसा, खट्.
"कुठं जाते ही?"
पुलापर्यंत.
"तिथं काय आहे?"
काही नाही. इंजिन सोडवतो, वळसा घालून
दुसऱ्या टोकाला जोडतो, परत येतो.
काहीजण पैसे परत मागतात.
बहुतेक बसतात.

निरभवणे इगतपुरीच्या शेडमधले फिटर.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
डोळे मिटलेले,
भिंतीपलीकडचं भांडण ऐकणाऱ्या शेजाऱ्यासारखे.
"हं," म्हणायचे, आणि कुठला नट ते ठरलेलं असायचं.

ह्या पौषात त्यांनी तो तीनदा टेकवला, तीनदा उचलला.
मग मूठ पुसली चिंधीनं, नीट,
लागतो त्याहून जास्त वेळ,
आणि तंत्रनिकेतनच्या तेजल पगारच्या हातात दिली.
"काय म्हणतंय?"
"टकटक. थांबून थांबून. डावीकडं."
"आता?"
"आता कमी."
"आता?"
पाना ते फिरवत होते, ऐकत ती होती,
डब्यातली पोरं खिडकीच्या गजांवर थाळ्यासारखी बडवत होती.
मी फळ्यावर खडूनं लिहिलं,
गाडी वीस मिनिटं उशिरा.
कारण लिहायची जागा आहे फळ्यावर.
ती तशीच सोडली.

चैत्रात बॉयलर धुतो, नळ्या घासतो.
तपासनीस येतात, चहा घेत नाहीत, सही करतात.
एका वर्षी सही केली नव्हती,
तेव्हा डबा आम्ही हातानं ढकलला होता, निम्म्या वाटेपर्यंत,
निम्म्या तिकिटात.

मग आषाढ. ताडपत्री, ग्रीस, धुराड्यावर पालथी बादली.
रुळांवर तरोटा गुडघ्याएवढा.
रविवारी येतील तेवढे विळे घेऊन येतात,
मागच्या वर्षी आठ, ह्या वर्षी पाच,
त्यातला एक आमच्या वकिलांचा जावई, तो फक्त फोटो काढतो.
दिवसाला दोन स्लीपर बदलले की भेळ.
वहीत मी सगळं लिहिते:
स्लीपर दोन. फिशप्लेट एक. साप एक, सोडला.
ह्या वहीचा ताळेबंद कुणी मागत नाही.

निरभवणे तरीही येतात, सव्वानऊच्या एसटीनं.
पुलाकडच्या सांध्याजवळ खुर्ची टाकून देतो त्यांना.
तेजल काहीतरी विचारते, मोठ्यानं,
ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात,
आणि तेही तिला कधीतरी लागेल असंच असतं;
ती लिहून घेते.

काल वारा सुटला. शेडमधून
बादली धुराड्यावर वाजली, ठण्ण,
आम्ही पाचही जण ताठ झालो, विळे हातात.
निरभवण्यांनीही मान वळवली.
ऐकू आलं असेल.
किंवा आमच्या माना दिसल्या असतील.