लतीफा

नाखुदा जुमांची वरची कवळी तिसऱ्यांदा मोडली.
नेहमीसारखीच, मधोमध,
पुढच्या दोन दातांच्या फटीतून थेट टाळूपर्यंत
रेघ मारल्यासारखी.
रुमालात बांधून आणली त्यांनी,
ओहोटीला सापडलेला शिंपला आणावा तशी,
आणि माझ्या टेबलावर ठेवून बरंच बोलले.
त्यात एकही फ नव्हता.

अरबी फ ला वरचे दात लागतात.
खालच्या ओठावर नुसते टेकायचे, आणि वारा सोडायचा.
त्यांच्या गलबताचं नाव लतीफा.
कवळी नसली की ते लतीहा होतं.

"लतीहाने दाभोळ बघितलंय," म्हणाले,
"काथ्या भरायचो, सागाच्या फळ्या."
मी दाभोळच्या पलीकडचा. तरीवरून दहा मिनिटं.
पण ते सांगतात ते दाभोळ मला ओळखता येत नाही,
माझा जन्मच नंतरचा.

सूरच्या खाडीवर, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
एसीचं पाणी बादलीत टिपकत असतं.
बिजूचेट्टन म्हणतो, नवीनच करून दे, बिल मोठं होईल.
मी दुबईहून आलेली पुडी फोडतो.
काचेचे तंतू.
पांढरे, म्हातारीच्या कापसासारखे,
फुंकर मारायची भीती वाटावी असे.

कोरडे घालायचे नसतात.
आधी मोनोमरमध्ये भिजवायचे, एकूण एक.
कोरडा राहिला तो आत पांढऱ्या शिरेसारखा दिसतो
आणि पुढची भेग तिथूनच सुरू होते.
मागच्या खेपेला मी घाई केली होती.
हे जुमांना सांगितलेलं नाही.

तंतू भेगेला आडवे. पृष्ठभागापासून जरा आत,
नाहीतर जिभेला टोचतात
आणि जीभ दिवसभर तिथेच जाते.

"आमच्या आजोबांच्या होडीत खिळा नव्हता," जुमा म्हणाले होते,
"काथ्याने शिवलेली.
खिळा गंजतो. काथ्या भिजतो, फुगतो, धरून बसतो."
बाहेर धक्क्यावर रफीकुल फायबरच्या बोटींना
ठिगळं लावतो, त्याचीही काचच, माझ्याहून जाड.
त्यानेच सांगितलं, कामाआधी हाताला खोबरेल चोळ.
चोळतो. तरी रात्री मनगटं खाजतात.

रेवती फोनवर बघते. "सारखं काय खाजवतोस?"
काच आहे.
"लागली?"
नाही गं, दिसत नाही एवढी बारीक.
"मग ती लोकांच्या तोंडात कशाला घालतोस?"
मी हसलो. तिला ते हसणं पटलं नाही.

फ्लास्क उकळून झाला की पाण्यातच निवू द्यायचा,
रात्रभर. लवकर उघडला तर कवळी वाकडी होते.
सकाळी प्लास्टर फोडलं, घासलं, उजेडात धरलं.
गुलाबीच्या आत काहीच दिसत नव्हतं.
तेच हवं होतं.

जुमांनी ती बसवली, आरसा बाजूला सारला.
म्हटलं, फ म्हणा.
"फजर," ते म्हणाले. "फलज." मग डोळे बारीक करून, "फुलूस."
पैशांचं नंतर, म्हटलं.
मग ते खिडकीतून पलीकडच्या हॉटेलच्या हिरवळीकडे बघत राहिले.
तिथे त्यांचं गलबत उभं आहे, कोरडं,
पोटाखाली पोरांचा झोपाळा बांधलेला.
"लतीफा."
दात ओठावर टेकले. वारा सुटला.

चौथ्यांदा मोडेल की नाही, सांगता येत नाही.
मोडली तरी दोन तुकडे सुटे होणार नाहीत म्हणतात,
आतले तंतू एकमेकांना धरून लोंबत राहतील.
वयाच्या ऐंशीला तेवढं पुष्कळ.

जाताना दारात थांबले. "शुक्रन, खोबकर."
खोपकर, मी म्हटलं. प. ओठ मिटून बघा.
त्यांनी मन लावून मिटले.
"खोबकर."

प ला दात लागत नाहीत.
तिथे माझं काही चालत नाही.