लाईन गेली तेव्हा

मानेवाड्याला, दुसऱ्या मजल्यावर,
मे महिन्यात, रात्री साडेदहाला
भोयरच्या चोरानं अंगठी घातली, अदृश्य झाला
आणि खेळ तिथंच अडला.

"दिसत नाही म्हणजे सापडत नाही," भोयर म्हणाला.
"काऊन बे? पाय आहेत ना तुले," प्रणोती म्हणाली.
"तळघरात धूळ आहे, ठसे उमटतात.
कोणत्या चौकोनात उभा आहेस, रक्षकाले माहीत आहे."
वासनिकनं पुस्तकातलं एकच वाक्य तीनदा वाचलं,
तिन्ही वेळा अर्थ निराळा.
खेळ मी चालवतो, निकाल माझा,
आणि मला काही ठरवता येईना.

मग लाईन गेली.
कूलर घरघरत थांबला,
वाळ्याचा ओला वास तेवढा उरला.
मोबाईलचा उजेड करायचं कुणालाच सुचलं नाही.
प्रणोती खिडकीशी: बांगडी वाजली.
वासनिक दिवाणावर: चिवड्यातले दाणे वेचून खातोय.
एक फासा घरंगळत गेला दिवाणाखाली,
कितीवर थांबला कोण जाणे.
भोयर कुठं आहे ते मात्र कळेना.
हाक मारली.
ओ नाही.

लाईन आली.
भोयर होता तिथंच,
माझ्यापासून हातभर,
फोन मांडीवर पालथा,
गाल ओले.

आम्ही तिघांनी एकदम माना खाली घातल्या,
पुस्तकात, त्याच वाक्यावर.
कूलरनं पुन्हा पाणी ओढायला घेतलं.

"बरं," जरा वेळानं मी म्हटलं,
"रक्षकाला काही दिसलं नाही.
चल पुढं."