कापू नये

डॅशबोर्डखाली उताणी झाले, तोंडात टॉर्च,
वर पाहते तर कावळ्याचं घरटं:
वायरीत वायर, टेपवर टेप,
आणि टेपचा डिंक उन्हाळ्यांनी पातळ होऊन
ठिबकला माझ्या चष्म्यावर.

गाडी एम.जी., चौसष्टची, दोन सीटांची, एके काळी हिरवी.
लोकमान्य नगरातल्या पोर्चमध्ये
अकरा वर्षं ताडपत्रीखाली.
रेशिमवाले फाल्गुनात गेले.
उन्मेष म्हणाला, मावशी, एवढे दिवे लागतील असं करा,
गिऱ्हाईक आधी दिवे बघतं.

अख्ख्या गाडीला फ्यूज दोन.
दोन! बाकी कारभार देवाच्या भरवशावर.
त्यातल्या एकाला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली,
काजळलेली.
रेशिमवाल्यांना तर धुराचं वावडं.
म्हणजे मानपूरच्या घाटात वगैरे
ट्रक बाजूला लावून कुणी खाली उतरलं असणार,
पाकीट फाडलं असणार,
आणि नाव न सांगता निघून गेलं असणार.
ती चांदी मी फेकली. फेकायलाच हवी होती.

मी टेलिफोनवाली.
एकतीस वर्षं एक्सचेंजमध्ये, रिलेंच्या कपाटांपुढे स्टुलावर.
सकाळी दहाला इंदूर बोलायला लागलं की
कपाटं तडतडायची कढईतल्या मोहरीसारखी.
कुणाचा शब्द कधी ऐकला नाही.
लागलं, सुटलं, एवढंच कळायचं,
आणि तेवढं पुरायचं.

तपकिरी वायर बॅटरीची, ती झोपत नाही कधी.
पांढरी किल्लीची.
हिरवीही किल्लीचीच, पण फ्यूजमधून आलेली,
म्हणून जरा शहाणी.
निळी मोठ्या दिव्यांची, काळी बॉडीला,
आणि इथे बॉडीला पॉझिटिव्ह,
डाव्या हाताने वाढावं तसं.
सियागंजातल्या काउंटरवरच्या पोराला तीनदा सांगितलं.
"आंटी, आप उल्टा बोल रहे हो," म्हणाला.
उलटंच आहे, भिया. तू रिले दे.

पहिला दिवस नुसत्या चिठ्ठ्या बांधण्यात गेला.
दुसऱ्या दिवशी कापलं:
कॅसेटवाल्याची शेपटी, मुका हॉर्न,
धुक्यासाठी लावलेली बत्ती (इंदुरात!).
पिशवीभर निघालं.
तिसऱ्या दिवशी प्लायचा तुकडा, त्यावर सहा फ्यूज, चार रिले.
दिव्यांचा भार आता स्विचवर नाही.
स्विच फक्त निरोप देतो.
जुड्या मेणाच्या दोऱ्याने बांधल्या, बोटभर अंतरावर गाठ,
जशी सोनवलकरसाहेबांनी शिकवली आणि उसवून पुन्हा शिकवली.
प्लास्टिकचे पट्टे चालले असते. मला चालले नाहीत.
उन्मेष पोह्यांची बशी घेऊन वाकला.
म्हटलं, जीरावनचं बोट लांब ठेव.

मग ती गुलाबी.
नकाशात नाही. घरच्या बेलची असते तसली, बारीक, दुपदरी.
गालिच्याखालून मागे गेलेली, बॅटऱ्यांना वळसा घालून
डाव्या दाराच्या पोकळीत संपलेली.
टोकाला टेप, दाताने तोडलेली नाही,
कात्रीने नीट कापलेली.
मीटर लावला. बारा व्होल्ट.
अकरा वर्षं नव्हे, त्याच्याही आधीपासून
कशाचीतरी तयारी करून बसलेली.

काढून टाका, उन्मेष म्हणाला.
त्याच्या आईला विचारलं.
"त्यांनाच ठाऊक. मला त्या गाडीत उलटी व्हायची,"
म्हणाल्या, आणि भाजी निवडत राहिल्या.

कटर हातात होता.
मी तिला सहावा फ्यूज दिला, सगळ्यात लहान,
आणि झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर लिहिलं:
६. गुलाबी. वीज येते. कुठे जाते माहीत नाही. कापू नये.

संध्याकाळी स्विच ओढला.
टक्.
समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल, एक जरा खाली.
उन्मेष टाळ्या वाजवायला लागला, मग लाजला.
डावा इंडिकेटर अजून फार घाईत आहे.
उद्या बघते.