पेटीवर बसलेली

आईने राक्षसाचा हात तोडला
त्या रात्री मी तिच्या पोटात होते, सातव्या महिन्याची.
म्हणजे तसं पाहिलं तर मीही होते लढाईत.
गाव हातात हात घालून, गोल फिरत, पाय आपटत
जे शंभर कडव्यांचं गाणं म्हणतं
त्यात माझं नाव नाही.
मावशीचंही नाही.

तो धुक्यातून यायचा,
मेंढ्या कड्यावरून उतरवायच्या दिवसांत.
गवताच्या छपराखालून एकच हात आत.
चुलीपाशी चाचपायचा,
म्हाताऱ्याने चष्मा शोधावा तसा,
आणि हाताला लागेल ते उचलायचा.
आजोबा लागले. पुढच्या वर्षी शेजारचा योआन्नेस,
सुकवलेल्या मटणाच्या तंगडीसकट.

आई, बाइंता, दारातून वाकून यावं लागायचं तिला,
देवमासा कापायची सुरी घेऊन उभी राहिली.
एक घाव, दोन तुकडे.
तो बोंबलत खाडीपार गेला.
उत्तरेच्या सुळक्यांत वारा घुसला
की लोक अजून म्हणतात, तोच.

पण हात राहिला.
हे गाण्यात नाही.
कोपरापर्यंतचा, केसाळ, जिवंत हात
बोटं टेकत टेकत निघाला
माझ्यासाठी आणून ठेवलेल्या रिकाम्या पाळण्याकडे.
मार्युन मावशी लोकर विंचरत होती.
उठली, पायाने त्याला लोकरीच्या पेटीत लोटलं
आणि झाकणावर बसली.

बसली ती बसलीच.
एकोणीस वर्षं.

दगड ठेवून पाहिले लोकांनी. दगड तो ढकलायचा.
जिवंत वजनच लागायचं त्याला.
ती मागच्या दारी जाऊन येईपर्यंत
कुत्रा बसायचा वर, गंभीर चेहऱ्याने.
तिथेच ती जेवली, तिथेच पेंगली,
तिथेच तिने नोलसोईच्या होडीवाल्याला नाही म्हटलं.
पाय सुजले. स्वेटर विणले, गावाला पुरून उरतील एवढे.
रात्री आतून टकटक झाली
की सुईने झाकणावर टकटक करायची
आणि हळू आवाजात सांगत बसायची
कुणाच्या मेंढीला जुळं झालं, कुणाची होडी आली नाही.
मी तिच्या मांडीवर वाढले.
माय मरो, मावशी उरो म्हणतात.
माझ्याकडे दोघी होत्या, चार पावलांच्या अंतरावर.

एकदा मावशीला ताप भरला.
आई म्हणाली, हो बाजूला, मी बसते.
मध्यरात्री अंगणात ओकत होती ती,
जिची सुरी बघायला परगावाहून माणसं यायची.
"काही करत नाही गं तो," म्हणाली,
"नुसता खाजवतो, हळू हळू, थांबतच नाही.
मारायला समोर काहीच नाही."
मावशी तापातच परत चढून बसली.

आणि एका पहाटे मी झोपेचं सोंग घेऊन पाहिलं:
कुत्र्याला बसवून मावशीने भिंतीवरची सुरी काढली.
तोलली. हवेत एक वार केला, अगदीच चुकीचा.
मग जागेवर लावून ठेवली,
होती त्यापेक्षा सरळ.

आई गेली फेब्रुवारीत, खोकल्याने.
राक्षसबिक्षस काही नाही.
मी म्हटलं, मावशी, तू जा मातीला. मी बसते.

सगळं गाव देवळाशी.
शंभर कडवी वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू येत होती.
खालून टकटक.
मला मेंढ्यांचं काही ठाऊक नव्हतं,
म्हणून जे होतं ते सांगितलं:
तुला तोडणारी गेली.

बराच वेळ काही नाही.
मग झाकणाला आतून सपाट काहीतरी टेकलं,
तळव्याएवढं,
आणि लाकूड तिथे ऊबदार झालं.

मावशी अंधार पडल्यावर आली.
बूट ओले, केसांत मीठ.
एकोणीस वर्षांनी समुद्र पाहून आली होती,
त्याबद्दल अक्षर बोलली नाही.
"सरक," म्हणाली.

मी अर्धीच सरकले.