सात मिनिटांचा दिवा

तार्तूतल्या आमच्या पाच मजली इमारतीत लिफ्ट नाही,
म्हणून एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांना जिन्यावरूनच ओळखतो:
हा खोकला तिसऱ्या मजल्याचा,
ही पिशवी घासत नेणारी दुसऱ्याची.
चेहऱ्यांची गरज कधी पडली नाही.

नोव्हेंबरात उर्वेनं खालच्या दारावर कागद चिकटवला.
शनिवारी सहाला, तळघरात, कपडे वाळवायच्या खोलीत.
येताना घरातली एक वस्तू आणावी. मोडकी चालेल.
मी बटाटा नेला.
याहून जास्त काही द्यायची माझी तयारी नव्हती.

नऊ जण आलो. भिंतीला पाठ लावून उभे राहिलो,
दंतवैद्याकडे नंबर लावल्यासारखे.
टेबलावर चिमटे, सुतळीचा गुंडा, टॉयलेट पेपरचा रोल,
झिनाइदाची चहाची गाळणी,
आणि ओस्तापनं खार्किवहून आणलेली किल्ली.
"हिचं दार आता नाही," एवढंच बोलून
त्यानं ती माझ्या बटाट्याशेजारी ठेवली.
मला बटाट्याची लाज वाटली.

पहिला खेळ रोलचा. हवे तेवढे तुकडे फाडा, उर्वे म्हणाली.
कशासाठी, ते सांगितलं नाही.
मैमूनं सवयीनं सतरा फाडले, घरात चार नातवंडं.
मग कळलं: जितके तुकडे, तितक्या गोष्टी स्वतःबद्दल.
बारा गोष्टी लोणच्यांच्या, दोन गुडघ्यांच्या झाल्या.
सतराव्यापाशी आम्हाला कळलं, आणि बहुधा तिलाही,
की तळ्यातून परत न आलेल्या नवऱ्यावर
ती अजून रागावलेली आहे.
हेल्दुरनं एकच तुकडा घेतला होता.
"मी हेल्दुर," म्हणाला,
आणि घडी घालून खिशात ठेवला.

मग चमचा.
दुपारपासून उर्वेनं तो फ्रीझरमध्ये ठेवलेला, सुतळीला बांधून.
एका बाहीतून आत, छातीवरून दुसऱ्या बाहीतून बाहेर,
आणि लगेच शेजारच्याच्या बाहीत.
काय किंचाळलो!
झिनाइदानं रशियनमध्ये जे म्हटलं
ते आम्हीही शाळेतच शिकलो होतो, वर्गात नाही.
लोकर, बनियन, एका जुन्या ऑपरेशनची शिवण,
चमचा सगळ्यांवरून गेला, कोणाला न विचारता,
आणि नवव्या बाहीतून निघाला तेव्हा कोमट होता.

तेवढ्यात दिवा गेला.
आमच्या तळघरातला दिवा सात मिनिटांचा,
बटण दाराशी, आणि आम्ही एका सुतळीत ओवलेले.
एक हलला की आठांना गुदगुल्या.
कोणी हललं नाही.

अंधारात बॉयलर घरघरत होता.
मग हेल्दुरचा आवाज,
जणू एका तुकड्याचा हिशेब त्याला अपुरा वाटला असावा:
"झिनाइदा, ते पाणी माझ्याच नळाचं होतं.
तुझ्या छतावरचं. मी गुपचूप पाइप बदलला."
अकरा वर्षं ती नगरपालिकेला पत्रं लिहीत होती.

सुतळी ताणली गेली. माझ्या बरगडीला कळलं.
मग सैल झाली.
"ठाऊक होतं," झिनाइदा म्हणाली.
"पत्रं लिहायला आवडतं मला."

हसणंही सुतळीवरूनच गेलं,
एकाच्या पोटातून पुढच्याच्या.
अठरा पायांची गोम होऊन आम्ही दाराकडे सरकलो,
ओस्ताप सगळ्यात पुढे, भिंत चाचपत.
बटण सापडल्यावर तो क्षणभर थांबला,
दाबू की नको, असं.

रात्री कोट काढताना पाठीवर चिमटा सापडला.
तोही खेळच होता म्हणे: न कळू देता लावायचा.
कोणाचा हात, अजून कळलेलं नाही.
परत दिला नाही.
साखरेच्या पिशवीला लावलाय.

सोमवारी जिन्यात तिसऱ्या मजल्याचा खोकला आला.
म्हटलं, हेल्दुर, मफलर कुठाय?