मती खोडून

मॅमोग्राफीच्या बाकावर नऊ बायका
आणि माझा नवरा.
फॉर्मवर छापलेलं होतं : श्रीमती.
सिस्टरनं पेनानं मती खोडली, श्री ठेवला,
पुढे लिहिलं, मल्लेशम गुंडेटी, वय एकसष्ट.
शेजारची पदर सावरत म्हणाली,
दादा, पेशंट कुठंय?
हे म्हणाले, आलाय.

धोटा लागला असेल, म्हणत होते वर्षभर.
लूमवरचा धोटा कधीकधी उडतो,
कुणाचा दात गेलाय, कुणाचा डोळा.
मी बी हळद लावली, वेखंड लावलं.
मग बोंड आत ओढलं गेलं
गादीला टाचलेल्या बटणासारखं,
आणि बनियनवर तांबूस ठिपका.
दोनदा धुतला.
तिसऱ्यांदा धुतला नाही,
बनियन कागदात गुंडाळून सिव्हिलला नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण, हळू बोलणारी.
शंभर बायकांमागे एखादा पुरुष, म्हणाली.
पुरुषाला कसं? मी विचारलं.
थोडंसं असतंच की प्रत्येकाकडे, जन्मापासून.
हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले,
महिना मागचाच होता.

चाळीस वर्षं ज्यानं
तुटला धागा चिमटीत धरून
न बघता गाठ मारली,
चादरीवरून तळवा फिरवला तरी लागू नये एवढीशी,
त्याच्या बोटांना छातीतली लागत होती,
ओळखू येत नव्हती.
आणि मी, दिवसाला हजार विड्यांना दोरा बांधणारी,
मला तरी कुठं आली.

डावी बाजू काढली. काखेतलं बी काढलं.
नळी, नळीला पिशवी, पिशवीत गुलाबी पाणी,
रोज किती ते वहीत लिहायचं.
कुणी विचारलं तर हर्निया सांग, म्हणाले.
आता सगळ्या कन्ना चौकाला हर्निया माहीत आहे.
मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीला
गल्लीतले सगळे उघडे बसतात ओट्यावर.
हे बनियन घालून.

रिपोर्टात होतं, ही गाठ
बाईच्या रसावर वाढते.
रस तोडायला गोळी, रोज एक, पाच वर्षं.
गोळीनं अंगातून वाफा निघतात.
माझ्या तर पाळी गेल्यापासून निघतायत.
रात्री दोनला दोघं उठून बसतो,
फॅन पाचवर, मध्ये एक तांब्या.

परवा म्हणाले,
असं होतं होय तुला?
हो.
कधीपासून?
दोन वर्षं.
बोलली नाहीस.
मी तंबाखूचं सूप झटकलं
आणि त्यांना वारा घालत बसले.
थोड्या वेळानं त्यांनी सूप माझ्या हातातून घेतलं.

लेकीला बी तपासून घ्या, असं बाईंनी सांगितलंय.
लावण्या हैदराबादला.
तिला बी हर्नियाच माहीत.
दोन आठवडे फोन पुढे ढकलला,
मी लावायचे, हे बंद करायचे.
आज दुपारी लाईट गेली, लूम थांबले,
गल्लीत एकदम इतकी शांतता
की रिंग वाजलेली बाहेरपर्यंत ऐकू गेली असेल.
यांनी घसा खाकरला.
बाळा, म्हणाले,
ते हर्निया नव्हतं गं.